दुसऱ्या ठोक्याची जागा

"बैलाला घुंगरू बांधतात तसं चाललंय तुझं," अण्णा म्हणाले. माझ्या हातातून हातोडा काढून घेऊन त्यांनी तो दोनदा हवेत तोलला. हातोड्याच्या मानेला मी सुपारीएवढा सेन्सर बांधला होता. त्याची वायर त्यांच्या मनगटावरून, कोपरावरून जाऊन माझ्या लॅपटॉपला लागली होती. "वजन वाढलं याचं."

मी म्हणाले, सेन्सरला वजन असं जवळजवळ नाहीच.

"नसेल. पण वाढलं."

हे मला ओरडून बोलावं लागलं. रघुनाथ पिंपळे, म्हणजे अण्णा, जन्मभर तांब्यावर हातोडा मारत आले होते आणि त्यात त्यांचे कान गेले होते. तांबट आळीत सगळ्याच जुन्या कारागिरांचं तसं होतं. माणसाचं बोलणं त्यांना कळत नसे, पण शेजारच्या कारखान्यात कुणाचा ठोका चुकला तर लगेच मान वर व्हायची.

तेव्हा मी भोसरीतल्या एका छोट्या ऑटोमेशन कंपनीत होते. यंत्रातल्या मोटरींनी कधी, किती आणि कोणत्या वेगानं हलायचं हे ठरवणारा कंट्रोलर आम्ही बनवायचो आणि त्याचं सॉफ्टवेअर मी लिहायचे. डबे भरणारी, लेबलं चिकटवणारी, पत्रा कापणारी यंत्रं मी चालवली होती. पुण्याच्या तांबट आळीत सुहास वडके यांच्या कारखान्यात यायच्या आधी तांब्याच्या भांड्याकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं.

तांब्याच्या भांड्यावर हातोड्यानं एकाला लागून एक ठोके पाडून खवल्यांसारखी चकाकती खळ्यांची नक्षी उठवतात, तिला मठार म्हणतात. एका मोठ्या हॉटेलला प्रत्येक खोलीत मठारलेली तांब्याची वॉशबेसिनं हवी होती. त्यांच्या आर्किटेक्टबाईंनी जुन्या बाजारात मिळालेलं एक घंगाळ नमुना म्हणून पाठवलं होतं. मठार याच्यासारखा हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. इतकी बेसिनं हातानं करायला आळीत माणसं उरली नव्हती, म्हणून सुहासनं आमच्याकडून यंत्र बनवून घेतलं. भांडं फिरवणारी एक मोटर, कलवणारी दुसरी आणि हातोडा मारणारी तिसरी.

यंत्र सुरेख चाललं आणि पहिला नमुना नापास झाला. बाईंनी कळवलं, छापल्यासारखं दिसतं. मग मी ठोक्यांमध्ये मुद्दाम थोडा वेडेवाकडेपणा घातला. त्यावर त्यांचा निरोप आला, आता नवशिक्यानं केल्यासारखं दिसतं. शेवटचा एक नमुना पाहू, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.

सुहासनं मला परिस्थिती सरळ सांगितली होती. हे काम मिळालं तर कारखाना चालेल. नाही मिळालं तर जागा वह्यांच्या गोदामाला द्यायची बोलणी झालेलीच होती. कारखान्यात मठार करणारा जुना माणूस एकच उरला होता, अण्णा. रविवारीसुद्धा ते कुलूप उघडून येऊन बसायचे.

"गोदाम झालं तर ते कुठे जाणार?" मी विचारलं होतं.

"तेच मला कळत नाही," सुहास म्हणाला. "घरी त्यांना करमत नाही. काकू म्हणतात, ताट वाजवत बसतात."

म्हणून अण्णांचा हातच नोंदवून यंत्राला द्यायचं ठरलं. अण्णांनी हो म्हटलं, पण ते सुहासकडे न बघता. ज्या मेखेवर भांडं उपडं घालून ते ठोकायचे, तिच्याभोवती मी एक फिरती चकती बसवली. भांडं किती फिरलं ते चकती सांगणार होती, आणि ठोका कधी, किती जोरात आणि कुठल्या बाजूनं पडला ते हातोड्यावरचा सेन्सर.

अण्णांनी एक अख्खं बेसिन मठारलं. मी स्क्रीनवर पाहत होते. एक ठोका म्हणजे एक उभी रेघ. बघता बघता माझ्या लक्षात आलं, की रेघांमध्ये जागा जरा जास्तच सुटते आहे. मला वाटलं, सेन्सर अर्धे ठोके गिळतोय. सगळं सोडून पुन्हा बांधलं. तेच. मग उठून भांड्याजवळ गेले.

सेन्सर बरोबर होता. अण्णा एक ठोका मारत, एका ठोक्याची जागा मोकळी सोडत आणि पुढचा मारत. असा पूर्ण फेरा झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून मोकळ्या जागा भरत. प्रत्येक ओळीला दोन फेरे.

मी आळीतल्या दुसऱ्या दोन कारखान्यांत जाऊन पाहिलं. तिथले लोक ठोक्याला लागून ठोका मारत होते, एका फेऱ्यात काम संपवत होते. एकाला विचारलं, जागा सोडून मारायची काही पद्धत आहे का. तो म्हणाला, कशाला, दुप्पट वेळ जाईल की. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "रघूअण्णा का?" मी हो म्हटल्यावर तो हसला आणि पुन्हा कामाला लागला.

अण्णांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आम्हाला असंच शिकवलंय." सुहासला विचारलं, तर तो म्हणाला, जुनी सवय असेल, आपण जशीच्या तशी घालू.

जशीच्या तशी घातली. यंत्रानं अण्णांसारखेच दोन फेरे घेतले आणि बेसिन खाली उतरलं तेव्हा सुहासचा चेहरा उजळला. हे छापील नव्हतं, नवशिक्याचंही नव्हतं. मग आम्ही ते जुन्या घंगाळाशेजारी ठेवलं. काहीतरी कमी होतं. घंगाळ जिवंत वाटत होतं. बेसिन चांगलं होतं, एवढंच.

पुढचे दोन दिवस मी दोन्ही भांड्यांवर बॅटरीचा उजेड मारून पाहत बसले. हे मला आवडतंही होतं. कारखान्यातली माणसं माझी चेष्टा करायची, बाईंचं काही हरवलंय का म्हणून. सापडलं ते अगदी साधं होतं. बॅटरी डावीकडून धरली की आमच्या बेसिनवरच्या सगळ्या खळ्या एकदम चमकत, आणि उजवीकडे नेली की सगळ्या एकदम विझत. घंगाळावर तसं होत नव्हतं. डावीकडून उजेड पडला की एक आड एक खळी चमके. उजवीकडून पडला की मधल्या पेटत. म्हणजे उजेड कुठूनही आला तरी निम्मं भांडं जागं.

याचा अर्थ एक ठोका या बाजूला कललेला, शेजारचा त्या बाजूला. एका माणसानं प्रत्येक ठोक्याला हात बदलल्याशिवाय हे होणार नव्हतं. हे घंगाळ दोघांनी केलं होतं, समोरासमोर बसून. त्यातला एक डावखुरा असला पाहिजे, म्हणजे दोघांचे हातोडे भांड्याच्या एकाच अंगाला येतात आणि मोकळ्या हातांनी दुसऱ्या अंगानं दोघांना भांडं फिरवता येतं. अण्णांची मोकळी जागाही मग कळली. ती त्या दुसऱ्याची होती.

मी हे सुहासला सांगितलं. त्यानं आधी ऑफिसचं दार लोटलं. अण्णांना ऐकू येत नाही हे माहीत असूनही आवाज खाली आणला.

"दिगूनाना," तो म्हणाला. "दिगंबर करडे. आमच्या आजोबांनी दोघांना पोरवयात एका भांड्यावर बसवलं होतं. घंगाळं, बंब, मोठी भांडी सगळी या जोडीचीच. हे घंगाळ आलं त्या दिवशी अण्णांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, बोट फिरवलं आणि ठेवून दिलं. तेव्हाच मला वाटलं होतं."

"मग ते कुठे असतात आता?"

"इथेच, आळीच्या तोंडाशी. पण त्यांचं नाव इथे काढायचं नाही."

स्टीलची भांडी आली आणि तांब्याचं काम आटत गेलं, तेव्हाची ती गोष्ट होती. दिगूनाना एक दिवस हातोडा ठेवून हडपसरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागले, पॉवरप्रेसवर. अण्णांनी आळीत सगळ्यांसमोर म्हटलं, दिग्या मशीनचा नोकर झाला. नंतर दिगूनानांच्या थोरलीचं लग्न झालं, त्याला अण्णा गेले नाहीत. त्यानंतर दोघं एकाच आळीत राहून एकमेकांशी बोलले नव्हते.

"अण्णा त्यांना बोलावणार नाहीत," सुहास म्हणाला. "आणि मी परस्पर बोलावलं तर अण्णा उठून जातील. तुम्ही अण्णांचाच हात उलटा करून नाही का वापरू शकत?"

तसं करता येण्यासारखं होतं. सॉफ्टवेअरमध्ये फक्त कलाची दिशा बदलायची होती, जसं आरशात दिसतं तसं. आम्ही यंत्राला समोरच्या बाजूनं दुसरा हात बसवला, त्याला दुसरा हातोडा लावला. पहिल्या हाताला अण्णांचे ठोके दिले आणि दुसऱ्याला तेच ठोके उलटे करून, मधल्या जागांवर.

दुपारी जेवणानंतर यंत्र सुरू केलं. तोपर्यंत कारखान्यात यंत्राचा आवाज म्हणजे एकसारखी टकटक होती. आता दोन हातोड्यांचे दोन वेगळे आवाज येऊ लागले, एक जरा जाड, एक पातळ, एकामागे एक. अण्णा भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. त्यांचा अंगठा थांबला. ते यंत्राकडे आले नाहीत, तिथेच बसून राहिले, मान किंचित कलती करून.

बेसिनचा अर्धा भाग झाला असेल तेव्हा दारात एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. लेंगा, बनियन, खांद्यावर पंचा. सुहास खुर्चीवरून उठला, त्यावरून मी ओळखलं, हे दिगूनाना.

"रघू," तो मोठ्यांदा म्हणाला, "कुणाला बसवलंस?"

मग त्याला यंत्र दिसलं. तो जवळ आला, दोन्ही हातोड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर वाजवत राहिला. मी यंत्र थांबवलं आणि त्याला काय केलंय ते ओरडून सांगितलं.

"म्हणजे इकडून पण रघू आणि तिकडून पण रघूच," दिगूनाना म्हणाले. "वा. याची हीच इच्छा होती. सगळ्या आळीत एकटा रघू."

सुहासला हसू आवरेना, म्हणून त्यानं तोंड फिरवलं. अण्णा हसले नाहीत.

"मी प्रेसवर गेलो तर मशीनचा नोकर झालो," दिगूनाना म्हणाले. "आणि हे काय आहे?"

"हे कारखान्यासाठी आहे," अण्णा म्हणाले.

"माझं काय हौसेसाठी होतं? तीन मुली होत्या मला."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

अण्णांनी तंबाखू तोंडात न टाकता हात झटकला. "नसतं दिलं."

"मग झालं तर."

मला या बोलण्यात पडायचं नव्हतं. मी उरलेलं बेसिन पूर्ण केलं, खाली उतरवलं आणि सवयीनं बॅटरी मारली. खळ्या दोन्ही बाजूंनी चमकल्या, पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसली. बेसिनभर वेणी घातल्यासारख्या तिरप्या ओळी उमटल्या होत्या. अण्णांचा हात जिथे जरा सरकला होता, तिथे शेजारी त्यांचाच उलटा हात तितकाच सरकला होता. प्रत्येक लहान चूक आपल्याच सावलीशेजारी बसून दुप्पट झाली होती. एकदा दिसल्यावर डोळ्यांना दुसरं काही दिसेना. हा नमुना पाठवला तर पास होणार नव्हता आणि त्यानंतरची संधीही नव्हती.

मी हे सुहासला दाखवलं. अण्णा आणि दिगूनाना दोघंही आपणहून पुढे येऊन वाकून पाहू लागले. काय झालंय ते समजावायला लागलं नाही.

"तुझाच हात तुला पुरत नाही," दिगूनाना म्हणाले.

सुहास माझ्याकडे बघत होता, मी अण्णांकडे. दिगूनाना पंचा झटकून दाराकडे वळले, अगदी उंबऱ्यापर्यंत गेले. तेव्हा अण्णा मेखेशी जाऊन बसले, नवीन बेसिन उपडं घातलं आणि एरवी पसरलेल्या दोन पायांपैकी एक आखडून घेतला. समोर एका माणसापुरती जागा झाली.

"बस," ते म्हणाले.

दिगूनानांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. पण त्यांनी वळून पाहिलं, आणि ती जागा त्यांना दिसली.

"मला पण बांधणार का घुंगरू?" बसता बसता त्यांनी मला विचारलं. अण्णांचा तो शब्द एव्हाना आळीभर झाला होता.

मी हो म्हटलं.

"बांध. पण घट्ट नको. डावा हात आहे, लोक आधीच हसतात."

पहिला तासभर जे झालं त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. हातोडे एकमेकांवर आपटले. दिगूनानांचा एक ठोका काठावर बसला आणि पत्रा दबला. अण्णांनी त्यांना शिव्या घातल्या, त्यांनी परत केल्या, आणि दोघांनाही ऐकू कमी येत असल्यामुळे शेजारच्या कारखान्यातली माणसं दारात येऊन उभी राहिली. दुसरं बेसिन घेतलं. त्यावर ते हळूहळू जमत गेले. तिसऱ्याच्या वेळी दोघं बोलायचे थांबले आणि दारातली माणसंही गप्प झाली. मी स्क्रीनकडे बघत होते. अण्णांच्या प्रत्येक दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेत आता दुसऱ्या रंगाची एक रेघ येऊन बसत होती, कधी जरा अलीकडे, कधी जरा पलीकडे.

नोंद उत्तम मिळाली. तरी यंत्रावर घालताना मी अडले. असे दोन हात एकत्र चालवायचे तर त्यांतला एक पुढचा ठरवावा लागतो. तो आपल्या गतीनं चालतो आणि मागचा त्याच्याकडे पाहून आपली वेळ धरतो. कोण पुढचा हे मी माहितीतून काढू पाहिलं. कधी अण्णा उशीर करत आणि त्यामुळे दिगूनाना उशीर करत. कधी दिगूनाना आधी लगबग करत आणि मग अण्णा. अण्णांना पुढचा धरलं की निम्मं बेसिन जुळे आणि निम्मं बिघडे. दिगूनानांना धरलं तरी तेच.

शेवटी त्यांनाच विचारावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी दोघांना समोर बसवलं. यंत्राला एक पुढचा सांगावा लागतो, असं म्हटलं. तुमच्यात पुढे कोण असायचा?

"हा," अण्णा म्हणाले आणि दिगूनानांकडे बोट केलं. त्याच वेळी दिगूनानांचं बोट अण्णांकडे होतं.

"काहीतरी काय," अण्णा म्हणाले. "मी कायम तुझ्या ठोक्यावर उचलायचो."

"माझ्या? अरे, मी तुझा पडल्याशिवाय हात हलवला नाही कधी."

"मालकांनी तुला पुढे बसवलं होतं."

"तुला बसवलं होतं. तू थोरला."

मला वाटलं, आता भांडण पेटणार. पण दोघं थांबले. एकमेकांकडे बघू लागले. माझ्याकडे उत्तर मागायला कुणी वळलं नाही, आणि मीही स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली नाही.

दोघांच्या नोंदीवरून शेवटी काढलेला नमुना पास झाला. आर्किटेक्टबाई स्वतः येऊन बेसिन खिडकीशी नेऊन फिरवून पाहून गेल्या आणि आठवड्याभरात काम आलं. गोदामवाल्याला सुहासनं नाही म्हणून कळवलं. यंत्राखालून निघालेल्या प्रत्येक बेसिनचा काठ आणि तळ हातानं करायचा, असं ठरलं, म्हणजे अण्णांची जागा राहिली. दिगूनाना पगारावर यायला तयार नव्हते. मी काय पुन्हा नोकरी करणार, म्हणाले. पण दुपारी यंत्र सुरू झालं की चहाच्या निमित्तानं येत आणि दिवस मावळेपर्यंत बसत.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. ती कंपनी मी कधीच सोडली, त्यानंतर कितीतरी मोठी यंत्रं चालवली. पण कंट्रोलर सुहासच्या हवाली करून मी निघाले तो शेवटचा दिवस मला तपशिलासकट आठवतो. यंत्र चालू होतं. दोघं भिंतीला टेकून बसले होते, मध्ये चहाचे ग्लास. अण्णांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"शेवटी पुढे कुणाला धरलंस?"

"कुणालाच नाही," मी वाकून त्यांच्या कानाशी सांगितलं. "मशीनमध्ये एक तिसरा हात मानलाय. तो खरा नाही, कुठेच ठोका मारत नाही. फक्त चालतो. तुम्ही दोघंही त्याच्या मागे आहात."

अण्णांनी ते मनाशी नीट लावून घेतलं. मग दिगूनानांच्या गुडघ्यावर थाप मारून ओरडून सांगितलं, "दिग्या, ही म्हणते आपण दोघंही मागेच होतो."

दिगूनाना यंत्राकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"मग सोडून गेलं कोण?"

अण्णांनी दिगूनानांचा ग्लास उचलून त्यांच्या हातात दिला.

"चहा पी," ते म्हणाले. "गार होतोय."